बोनेटमधली करवत आणि मातीची गुहा

टेबलावर जुना टर्किश टॉवेल घडी करून ठेवलाय आणि त्यावर पाचेक इंच लांबीची एक काळी गाडी. टॉवेल अशासाठी, की हातातून सुटलीच तरी रंगाचा टवका उडू नये. "आधी हात धुऊन ये, आणि नीट कोरडे कर," असं मित्रानं सांगितलं तेव्हा मी मुकाट्यानं उठलो. तो बँकेतून निवृत्त झालाय, पुण्यात राहतो. त्याच्या काचेच्या कपाटात खेळण्यातल्या तीनशेच्या वर गाड्या आहेत. ही मात्र त्या कपाटात नसते. ही असते त्याच्या आईच्या पितळी डब्यात, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली.

बोनेटवर बारीकसं बटण आहे. ते अंगठ्यानं दाबलं की गाडीच्या नाकातून करवतीचं पातं टचकन बाहेर येतं. शत्रूनं रस्त्यावर साखळदंड आडवा बांधला, तर तो कापायला. गाडी टॉवेलवरून पुढे सरकवली की मागच्या जाड नळीतून केशरी ज्वाळा आत-बाहेर करते. हे काम मागच्या चाकांना जोडलेली एक छोटी यंत्रणा करते, तिला ना चावी लागते ना सेल. सीटच्या मागे तीन नळ्या आहेत आणि तिथलं चाक बोटानं फिरवलं की त्यांतून पिवळे अग्निबाण उडतात. खोक्यात असे बारा बाण यायचे.

"आता तीन उरलेत," मित्र म्हणाला. "एक वाड्यातल्या मोरीत गेला. एक धाकटीनं तोंडात घातला म्हणून आईनं फेकून दिला. बाकीच्यांचा हिशेब लागत नाही."

ही कॉर्गी कंपनीची बॅटमोबिल, क्रमांक २६७. ती १९६६ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या दुकानांत आली. मित्राच्या मामांनी १९७१ मध्ये लंडनहून येताना ती सामानात घालून आणली, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. बॅटमन कोण हे त्याला धड माहीतही नव्हतं. करवत बाहेर येते एवढं मात्र पहिल्याच मिनिटाला कळलं, आणि तेवढं पुरलं.

त्याच्या या एका वाक्यापाशी मी अडकलो. नायक माहीत नसताना नायकाची गाडी आवडते, म्हणजे नेमकं काय आवडतं? मुखवट्याच्या माणसापेक्षा त्याची गाडी आणि त्याची लपायची जागा घरी आणावीशी का वाटते?

बॅटमन पहिल्यांदा छापला गेला तो मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात. बॉब केन आणि बिल फिंगर हे त्याचे कर्ते. त्या पहिल्या गोष्टीत तो साध्या लाल सेडानमधून फिरतो, कुठल्याही डॉक्टरची किंवा वकिलाची असावी तशी. 'बॅटमोबिल' हे नाव आलं १९४१ मध्ये, आणि त्याच वर्षी गाडीच्या नाकावर वटवाघळाचा मुखवटा आणि पाठीवर पर चढला. हे लवकर घडलं याला कारण आहे. सुपरमॅन उडतो, त्याला गाडी कशाला हवी? बॅटमनला उडता येत नाही, त्याच्या अंगात दैवी बळ नाही. त्याच्याकडे पैसा, तालीम आणि साधनं एवढंच आहे. म्हणून त्याची शक्ती त्याच्या अंगात न राहता गाडीत, कमरेच्या पट्ट्यात आणि गुहेत राहते. अंगातली शक्ती कारखान्यात ओतता येत नाही. गाडी ओतता येते.

मित्राच्या टॉवेलवरची गाडी जिच्यावरून घडली, त्या खऱ्या गाडीची कुळकथा तर त्याहून अजब आहे. १९५५ मध्ये फोर्डच्या लिंकन विभागानं 'फ्युचुरा' नावाची एकच एक गाडी प्रदर्शनासाठी बनवून घेतली. इटलीतल्या तुरीन शहरी घिया या कारखान्यात तिचं अंग हातानं घडवलं गेलं. डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचे दोन घुमट, मागे उंच पंख. रेखाटनकार बिल श्मिट यांना ती कल्पना समुद्रात पोहताना पाहिलेल्या शार्कवरून सुचली असं सांगतात. मोत्यासारखी झाक यावी म्हणून पहिल्या रंगात माशांच्या खवल्यांची पूड होती. प्रदर्शनं संपली, एका सिनेमात लाल रंग लावून तिला वापरलं, आणि मग ती हॉलिवुडजवळ जॉर्ज बॅरिस या गाड्या सजवणाऱ्या कारागिराच्या आवारात पडून राहिली. त्यानं ती फोर्डकडून एका डॉलरला घेतली होती.

१९६५ च्या शेवटी टीव्ही मालिकेसाठी घाईघाईनं बॅटमोबिल हवी झाली आणि हाताशी वेळ होता जेमतेम तीन आठवड्यांचा. नव्यानं गाडी घडवणं शक्यच नव्हतं. बॅरिसनं पडून असलेली फ्युचुरा बाहेर काढली. चाकांवरच्या कमानी बदलल्या, पंखांना वटवाघळाची किनार दिली, चकचकीत काळा रंग लावला आणि कडेनं केशरी-लाल रेघ ओढली. १२ जानेवारी १९६६ ला मालिका सुरू झाली आणि दोन वर्षांत १२० भाग झाले. एका डॉलरला घेतलेली ती गाडी १९ जानेवारी २०१३ ला ॲरिझोनातल्या लिलावात कमिशन धरून ४६ लाख २० हजार डॉलरला गेली.

त्या गाडीला पाच इंचांत बसवणाऱ्यांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. कॉर्गी हा मेटॉय कंपनीचा छाप. ही कंपनी १९३३ मध्ये इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनला उभी केली फिलिप उलमान यांनी. ते ज्यू, मूळचे जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे, आणि न्यूरेंबर्ग म्हणजे युरोपातल्या खेळण्यांचं माहेरघर. हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडावा लागला तेव्हा बरोबर आला तो पत्र्याची खेळणी बनवण्याचा हात. पुढे त्यांचा कारखाना वेल्समधल्या स्वान्सीला गेला आणि १९५६ मध्ये कॉर्गी निघाली. नाव वेल्समधल्या आखूड पायांच्या कुत्र्याचं. प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्यांच्या खिडक्या नुसती भोकं असत, कॉर्गीनं त्यांत पारदर्शक प्लास्टिकच्या काचा बसवल्या. छोटी गोष्ट, पण मुलांनी ती लगेच हेरली.

१९६५ मध्ये त्यांनी जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन काढली, छतातून माणूस उडवून देणारी. खोक्यात 'गुप्त सूचना' लिहिलेला लिफाफा ठेवला होता. गाडी कशी चालते हे उघड सांगायचं नाही, गुपित म्हणून हातात द्यायचं. माझ्या मते त्या लिफाफ्यात या सगळ्या धंद्याची किल्ली आहे. नायकाची बाहुली उभी राहते, फार तर हात वर करते. गाडीजवळ मात्र काहीतरी दडलेलं असतं आणि ते कुठे दाबल्यावर बाहेर येतं हे फक्त आपल्याला ठाऊक असतं. बटण नायकानं दाबलं काय आणि पेरुगेटजवळच्या वाड्यातल्या आठ वर्षांच्या मुलानं दाबलं काय, करवत तशीच बाहेर येते. नायकाशी बरोबरी करण्याची ही एकच जागा मुलाला मिळते.

पुढच्याच वर्षी आलेल्या बॅटमोबिलनं हा धडा पुरा गिरवला. सतराएक वर्षांत ती पन्नास लाखांच्या आसपास खपली. मेटॉय कंपनी मात्र १९८३ मध्ये बुडाली.

गाडी सोपी असते. तिला आकार आहे, तो साच्यात उतरतो. गुहेचं काय करायचं? गुहा म्हणजे पोकळी. तिला बाहेरून काही नसतं, आत शिरावं लागतं. पोकळीचं खेळणं कसं बनवायचं हा प्रश्न गेली पन्नास-साठ वर्षं खेळणी बनवणाऱ्यांना पुरून उरलाय.

बॅटमनची गुहा ठसली ती सिनेमामुळे. १९४३ मध्ये कोलंबिया कंपनीनं पंधरा भागांची मालिका काढली, तीत घरातल्या उंच लंबकाच्या घड्याळामागून खाली गुहेत जायची वाट दाखवली. मग ती गुहा चित्रकथांनी उचलली आणि पुढे तिच्यात एक महाकाय पेनीचं नाणं आणि एक यांत्रिक डायनोसॉर येऊन बसला. दोन्ही जुन्या मोहिमांच्या खुणा. साठच्या दशकातल्या टीव्ही मालिकेत पुस्तकांच्या कपाटामागे खाली सरकायचे खांब आले आणि ते उघडायचं बटण शेक्सपिअरच्या अर्धपुतळ्याच्या मानेत लपवलं गेलं. गाडी बाहेर पडताना दिसते ते गुहेचं तोंड लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कातल्या ब्रॉन्सन कॅन्यनमधलं. ती मुळात गुहाच नव्हे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगड काढण्यासाठी फोडलेला छोटा बोगदा आहे. आजही तिथे चालत जाता येतं. गाडी त्यातून जेमतेम निघायची, म्हणून हळू चालवून चित्रण केलं आणि नंतर वेग वाढवला.

मराठी वाचकाला ही ओढ वेगळी समजावून सांगायला नको. इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्या दोन पिढ्या वेताळ वाचत वाढल्या. ली फॉक यांनी तो १९३६ मध्ये निर्माण केला, म्हणजे बॅटमनच्या आधी तीन वर्षं, आणि कवटीच्या आकाराची गुहा त्याचं घर होती. त्याच्याही आधी आपल्याकडे चोरदरवाजा होताच. राजगडावर पद्मावती माचीकडे जाणाऱ्या चोरदरवाजातून वर चढताना मोठी माणसंही क्षणभर बोलायची थांबतात. महादरवाजा सगळ्यांचा असतो, चोरदरवाजा आपला वाटतो.

अमेरिकेत मेगो कंपनीनं १९७४ मध्ये गुहेवर पहिला मोठा तोडगा काढला. पुठ्ठ्यावर व्हिनाइल चढवून पेटीसारखी उघडणारी गुहा. मिटली की हातात धरून मित्राकडे नेता यायची, उघडली की आतली चित्रं आणि भिंती दिसायच्या. गुहा उलटी केली, आतली बाजू बाहेर आणली. त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्यांनी हेच केलं. लेगोनं २०१६ मध्ये त्या टीव्ही मालिकेची गुहा २५२६ तुकड्यांत काढली, वाड्याचा दिवाणखाना वर, खांब मध्ये, गुहा खाली, आणि समोरची भिंतच नाही. नाटकाचा रंगमंच असतो तशी. २०२३ च्या संचात ३९८१ तुकडे आहेत आणि तिथे काळ्या पेटीला वटवाघळाच्या आकाराची खिडकी पाडली आहे. त्या खिडकीतून आत डोकवायचं. मला ही रचना सर्वांत प्रामाणिक वाटते. गुहेला आतूनच पाहता येतं हे तिनं मान्य केलंय.

गुहेइतकंच वेड एका बेटानं लावलं. 'थंडरबर्ड्स' या ब्रिटिश कळसूत्री मालिकेतले नायक अतिमानवी नाहीत, पण त्यांची यानं आणि त्यांचं बेट पाहिलं की फरक उरत नाही. पोहण्याचा तलाव बाजूला सरकतो आणि खालून रॉकेट निघतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीनं ती मालिका पुन्हा दाखवली आणि १९९२ च्या नाताळात त्या बेटाचं, ट्रेसी आयलंडचं, खेळणं दुकानांतून नाहीसं झालं. आई-बाप गावोगाव हिंडले. तेव्हा 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात निवेदिका अँथिया टर्नर यांनी खोकी, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि वर्तमानपत्राच्या लगद्यातून ते बेट घरी कसं बनवायचं हे करून दाखवलं. कृतीच्या कागदाला इतकी मागणी आली की बीबीसीला पुरवता येईना, शेवटी त्याची व्हिडिओ कॅसेट काढावी लागली.

हे वाचताना मला दिवाळीतलं आमच्या चाळीचं अंगण आठवलं. विटा, पोती, ओली माती, वर अळीव पेरायचे, खाली बाजारातून आणलेले मावळे. दुकानातून किल्ला विकत घ्यावा असं कुणाच्या मनात यायचं नाही, कारण किल्ला आपणच करायचा असतो. विकत आणायची ती माणसं. जागा स्वतःच्या हातानं घडवायची.

कधी कधी जागा फिरून घरी परत येते. १९७३ मध्ये हॅना-बार्बेरा कंपनीनं 'सुपर फ्रेंड्स' ही कार्टून मालिका सुरू केली. सगळ्या नायकांना एकत्र जमायला वास्तू हवी होती, तेव्हा चित्रकार अल गमूर यांनी सिनसिनाटी शहरातलं रेल्वे स्टेशन नजरेसमोर ठेवलं. १९३३ मध्ये उघडलेलं युनियन टर्मिनल: प्रचंड अर्धघुमट, दोन्ही बाजूंना झुकत गेलेले पंख, समोर कारंजं. आपल्या मरीन ड्राइव्हच्या इमारती ज्या शैलीत आहेत, त्याच आर्ट डेको शैलीतलं. त्याचं झालं 'हॉल ऑफ जस्टिस'. १९७२ मध्ये तिथल्या प्रवासी गाड्या बंद झाल्या होत्या, स्टेशन ओस पडलं होतं, आणि त्याच सुमारास ते देशभरच्या मुलांच्या शनिवार सकाळी नायकांचं घर बनलं. पुढे १९८४ मध्ये त्या हॉलचं खेळणं केनर कंपनीनं बाजारात आणलं. केनर होती सिनसिनाटीचीच. आज ते स्टेशन संग्रहालय आहे, आणि २०२५ च्या 'सुपरमॅन' चित्रपटात हॉल ऑफ जस्टिस म्हणून तीच खरी इमारत उभी आहे.

खेळणं नेहमी गोष्टीच्या मागून चालतं असंही नाही. १९७४ मध्ये स्पायडरमॅनला 'स्पायडर-मोबिल' मिळाली ती खेळण्यांच्या धंद्याचा आग्रह म्हणून. जाळ्याला लोंबकळत शहर पार करणाऱ्या पोराला गाडी कशाला? लेखक जेरी कॉनवे यांना ती कल्पना पटली नव्हती. वर्षभरात गाडी नदीत गेली. सुपरमॅनलाही १९७८ मध्ये 'सुपरमोबिल' देऊन पाहिली, कॉर्गीनं तिचं खेळणंही काढलं. दोन्ही आज संग्राहकांकडे सापडतात, पण त्यांच्या आठवणीत कुणाचा आवाज कापरा झालेला मी ऐकला नाही. ज्या नायकाची गरज गाडीत नाही, त्याच्या गाडीत गुपित राहत नाही. याउलट २००५ च्या 'बॅटमन बिगिन्स'मधली रणगाड्यासारखी टंबलर जन्मली तीच खेळण्यांतून. नेथन क्रोली यांनी दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांच्या गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या मॉडेल किटचे तुकडे जोडून तिचे पहिले नमुने केले. किटमधून गाडी, गाडीतून सिनेमा, सिनेमातून पुन्हा किट.

गाडी म्हणजे पात्र, हे शेवटी न्यायालयानंही मान्य केलं. कॅलिफोर्नियातला एक गॅरेजवाला १९६६ आणि १९८९ च्या बॅटमोबिलच्या हुबेहूब, चालत्या प्रतिकृती करून विकत असे, प्रत्येकी नव्वद हजार डॉलरच्या आसपास. बॅटमन छापणाऱ्या डीसी कॉमिक्सनं दावा लावला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं निकाल दिला: बॅटमोबिलचं रूप बदलत आलं तरी तिचा स्वभाव टिकून आहे, ती ओळखू येते, तिला स्वतःचं व्यक्तिमत्त्व आहे, म्हणून नायकाप्रमाणेच तिलाही कॉपीराइटचं संरक्षण आहे. निकाल कंपनीच्या बाजूनं गेला आणि त्या कारागिराचं काम थांबलं. त्याच्याबद्दल मला वाईट वाटतं, कारण प्रेमाशिवाय कुणी अशी गाडी घडवत नाही. तरीही न्यायाधीशांनी त्या गाडीत जे पाहिलं, तेच मित्रानं पितळी डब्यात जपलंय.

आपल्याकडच्या संग्राहकांचं जग आता मोठं झालंय. दीड-दोनशे रुपयांच्या हॉट व्हील्ससाठी सुपरमार्केटच्या रॅकसमोर सकाळी उभी राहणारी पोरं मुंबई-पुण्यात दिसतात. 'कार्डेड' की 'लूज', 'मिंट' की 'रिपेंट', ही त्यांची रोजची भाषा. गोव्यातल्या कारखान्यात फनस्कूलनं काढलेले जी. आय. जो सैनिक त्यांच्या निराळ्या रंगांमुळे अमेरिकेतले संग्राहक शोधत असतात, हे मला याच मंडळींकडून कळलं. मित्रालाही त्यांनी सांगितलं, की २६७ चे नवे बाण बनवून विकणारे आहेत, बाराचा संच पुरा करून घ्या.

त्यानं घेतले नाहीत. का, ते त्यानं गाडी उलटी करून दाखवलं. डाव्या पंखाच्या टोकाला नखाएवढा रंग फुगून सुरकुतलाय. "हे १९७२ च्या दिवाळीतलं," तो म्हणाला. "किल्ल्यात गुहा केली होती. आत पणती ठेवायची असते ना, तिच्या मागे गाडी उभी केली. रात्रभर. बाहेरून उजेडात नुसते दोन पंख दिसायचे. सगळा वाडा बघायला आला होता." संग्राहकांच्या हिशेबात त्या फोडानं गाडीची किंमत निम्म्याच्या खाली जाते. तो डाग त्यानं कधीही दुरुस्त करू दिला नाही.

तिन्ही बाण नळ्यांत भरलेले होते. तो ते उडवत नाही, हे मला माहीत होतं. त्या दिवशी त्यानं गाडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "फिरव चाक. एकच."

मी फिरवलं. बारीकसा टक असा आवाज झाला, पिवळं काहीतरी टेबलाच्या कडेवरून गेलं आणि सोफ्याखाली नाहीसं झालं. आम्ही दोघंही एका क्षणात गुडघ्यांवर होतो, गाल फरशीला लावून, मोबाइलचा उजेड आत पाडत. "भिंतीकडे बघ," तो म्हणत होता, "तो कायम भिंतीकडेच जातो."